सकाळी दाखवायच्या मेंढ्या

९ ऑक्टोबर
आता काणी मेंढीसुद्धा! जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबतेय, बोटाने दाबली की खड्डा तसाच राहतो. म्हणजे बावीसपैकी नऊ झाल्या. बाबा म्हणाले, "होतं असं कधीकधी." कपाळावर हात मारून घेतला, दुसरं काय करणार!

१० ऑक्टोबर
सकाळी सूज गायब. बाबांनी लढाई जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी पुन्हा जैसे थे — तेव्हा मात्र त्यांना पेपर वाचायचा होता.

१४ ऑक्टोबर
एक मेली. डॉक्टरीणबाईंनी अंगणातच फाडून दाखवली. यकृत टणक झालेलं. कापलं तर आतल्या नळ्यांतून पानासारखे चपटे जंत निघाले, वळवळणारे. शी!

बाई म्हणाल्या, "ओढ्याकाठच्या चिखलात बारीक गोगलगायी असतात ना, त्यांच्यातून हे गवतावर येतात आणि गवतातून पोटात." मी सुजेचं विचारलं. "दिवसभर मान खाली घालून चरतात, पाणी जबड्याखाली उतरतं. रात्री गोठ्यात मान वर, की ओसरतं. सकाळ बघून फसू नका."

औषध पाजलं. सहा आठवड्यांनी पुन्हा पाजायचं. आणि चरायला कोरडी जमीन हवी! आमची सगळी जमीन ओढ्याला चिकटून. कोरडं म्हणावं असं एक घराचं छप्पर, तेही उन्हाळ्यात.

१५ ऑक्टोबर
भिंगांच्या कारखान्यात एक डिसेंबरला रुजू व्हायचंय. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला शिकाऊ म्हणून कोण घेतं? त्यांनी घेतलं! दादा-वहिनींनी त्यांच्याकडे बाबांसाठी खोलीही रिकामी केलीय. पण बाबांचं एकच पालुपद — "मेंढ्या चांगल्या हातात पडल्या की मी दादाकडे, तू मोकळी." आई गेल्यापासून अकरा वर्षं या गोठ्यात अडकलेय. आणि आता आजारी मेंढ्या घेणार कोण?

२ नोव्हेंबर
औषधाने बऱ्याच सावरल्या. पाच जणींना मात्र संध्याकाळ झाली की सूज येतेच. डोंगराकडच्या एक बाई मेंढ्या बघायला येते म्हणाल्या. बाबा म्हणाले, "सकाळी लवकर बोलाव." एवढंच. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

५ नोव्हेंबर
आल्या. किती हसऱ्या बाई! प्रत्येकीच्या लोकरीत बोटं घातली, दात पाहिले, काणीला तर लाडाने टपली मारली. "आजारबिजार काही?" बाबा म्हणाले, "बघा की, समोरच उभ्या आहेत." मी खाली मान घालून लेंड्या झाडत राहिले.

ठरलं. शनिवारी नेणार. मला आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही.

६ नोव्हेंबर
स्वतःची लाज वाटते. तरी कारखान्याचं पत्र चार वेळा वाचलं.

७ नोव्हेंबर
दुपारी त्या बाईंना फोन केला. "आज संध्याकाळी येऊन पुन्हा एकदा बघा." मागे बाबा उभे होते. "झालं समाधान?" म्हणाले आणि आत जाऊन पडले.

बाई आल्या. पाचही जणींच्या जबड्याखाली हात घातला. पापण्या उलटवून पाहिल्या, आत पांढऱ्याफटक. मला वाटलं, संपलं सगळं.

मग म्हणाल्या, "माझ्याकडे सगळा उतार. पाणी ठरत नाही, गोगलगाय औषधालासुद्धा मिळायची नाही. पुढचा डोस मी पाजते. पण पोरी, परवा सकाळी का नाही बोललीस?"

रडले. एवढी घोडी झालेय, आणि लेंड्यांत उभी राहून हमसून हमसून रडले!

९ नोव्हेंबर
टेम्पो आला. गेल्या सगळ्या. काणी शेवटी चढली, तिला मागून ढकलावं लागलं. दादाला कळवलं. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. बाबांची ट्रंक बाहेर काढली, पुसली, त्यांचे स्वेटर घडी करून आत ठेवले. गाणं गुणगुणत होते की काय मी!

१० नोव्हेंबर
बाबांनी स्वेटर काढून पुन्हा कपाटात ठेवले, ट्रंक पलंगाखाली सरकवली. म्हणाले, "सुटलीस बघ त्या मेंढ्यांतून. आता तुला माझ्याकडे बघायला दिवसभर वेळच वेळ."