मोतीची अर्धी गोळी

नागपूर, ११ नोव्हेंबर १९७८

पलंग, देवघर, रेडिओ आणि कुत्र्याची गोळी बरोबर मधोमध कापायचा ब्लेडचा साचा, सगळं मी कोणाकडे न शिकता हातानं केलं. गोळी मात्र मला करता येत नाही. मोतीच्या मूत्रपिंडावरची ग्रंथी रसच तयार करत नाही, म्हणून डॉक्टरांनी तो जन्मभर गोळीतून द्यायला सांगितलाय. गोळी चुकली की मोती आडवा. पण आज तर कुंपणावरून उड्या मारत होता!

ते पाहून इतवारी बाजारातले शेठ त्याला गोदामाच्या राखणीला मागू लागले. "बिमार तं नाही न गा?" काय सांगू? हो म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. आत येऊन हिला विचारलं, तर म्हणते, "तुम्ही तं चहाबिगर उठत नाही. मंग तुम्ही बिमार हाय का?" हे काय उत्तर झालं? आणि गोदामात रोज आठवणीनं गोळी कोण देईल? शेठ रोख तीनशे रुपये देत होते. मी मोती द्यायला नाही म्हटलं.