बोटभर उंच

मोडेना, रविवार दुपार

लाडक्या एर्मेस,

आपण दोघा भावांनी हातोडीने घडवलेली ती लाल गाडी पन्नास वर्षांनी दुरुस्तीला आली आहे. डावं मडगार्ड माझं, उजवं तुझं, बोटभर उंच. "तिरळ्या, डोळे तपासून घे!" असं मी म्हणालो आणि तू तुरीनला निघून गेलास.

गाडीचा मालक म्हणाला, "आजोबा, दोन्ही बाजू सारख्या करा."

शाळेतल्या कवितेची एक ओळ तू नेहमी चुकवायचास. आता मला तुझीच ओळ आठवते, खरी नाही.

पत्र्याच्या आत तुझे डावखुरे ठोके अजून दिसतात. त्यांना मी हात लावला नाही. माझीच बाजू बोटभर उचलली.

हे पत्र काही माझ्याच्याने टपालात टाकवणार नाही. पण मालक तुरीनचाच आहे. गाडी दिसली, तर तू समोरूनच बघशील, दोन्ही मडगार्डं एकदम.

तुझा थोरला,
इव्हो