धामणझरी अपडेट

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची. निलंग्याहून नांदेड, तिथून इस्लापूर आणि पुढं काळीपिवळी जीपमध्ये दोन बकऱ्यांना खेटून धामणझरी. खोली आवडली. खिडकीतून पांढराशुभ्र कापूस दिसतो, मागं सागाचं रान. घरमालकीण कावेरीबाई एकट्याच राहतात. म्हणाल्या, आता घरात दुसऱ्या माणसाचं भांडं तरी वाजंल. काम सोपं आहे. संस्थेसाठी लहान लेकरांची उंची-वजनं घ्यायची, फोटो काढून ॲपवर चढवायचे.

संध्याकाळी मोबाइल दुकानवाल्या व्यंकटभाऊंनी मला गावाच्या व्हॉट्सॲप गटात घेतलं. 'धामणझरी अपडेट'. म्हणाले, म्याडम, पेपर इथं येत न्हाई, हाच आपला पेपर.

५ नोव्हेंबर
खरंच पेपर आहे. नळाला पाणी कधी, गाडी हुकली का, रानडुकरं कुणाच्या वावरात, गुरांचे डॉक्टर कधी येणार, सगळं कळतं. बोंडअळीवर काय फवारायचं याचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि त्याखाली दुपारभर भांडण. मी एकटीच हसत बसले. गावात माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. माझं बोलणं कानडी वळणाचं, बायका तोंडाला पदर लावतात. पण गट वाचला की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्यासारखं वाटतं.

८ नोव्हेंबर
राजकन्याताईंची सृष्टी. दोन वर्षांची, पण तराजूत घातली तर काटा हललाच नाही असं वाटलं. पायांवर सूज. नांदेडला दवाखान्यात न्या म्हटलं. ताई म्हणाल्या, सासरा सोडणार नाही, माहूरचा अंगारा लावून झालाय. नवरा उसाच्या टोळीत गेलेला.

१० नोव्हेंबर
सासरे अर्जुनराव कापूस वेचायला गेले तेव्हा आम्ही निघालो. ताईंच्या हातात पिशव्या, म्हणून सृष्टीला मी कडेवर घेतलं. काळीपिवळीत दोघींना बसवलं. लेकराला काही वजनच नव्हतं. पोचले की फोन करते म्हणाल्या.

१२ नोव्हेंबर
ताईंचा फोन बंद लागतो.
गटावर एक व्हिडिओ आलाय. पोरं पळवणारी टोळी, बायकाच असतात म्हणे, सर्वे करायचा म्हणून घरात शिरतात. व्हिडिओ कुठला ते कळत नाही. पण मलाच भीती वाटली. दिवस मावळायच्या आत कडी लावून घेतली.

१४ नोव्हेंबर
कावेरीबाई माहूरला गेल्या, रेणुकेच्या दर्शनाला. परवा येतील. नेमका फोन घरीच ठेवून गेल्यात.
आज तीन घरांनी दार उघडलं नाही. आतून लेकरांचा आवाज येत होता. अंगणवाडीपाशी एका बाईनं मला पाहून पोरगं पदराखाली घेतलं.

१५ नोव्हेंबर, सकाळ
गटावर फोटो आलाय. पाठमोरी बाई, हिरवी ओढणी, कडेवर लेकरू. खाली लिहिलंय: अर्जुनरावाची नात आन् सून दोघी गायब. हिला कुणी वळखतं का?

ती मी आहे.

दुपार
मी गटावर सगळं लिहिलं. मी पुनम, उंची-वजनवाली. सृष्टी नांदेडला दवाखान्यात आहे, आई सोबत आहे. वाचल्याच्या निळ्या खुणा होत गेल्या. मग कुणीतरी लिहिलं: बघा, गटातच घुसून बसली व्हती.
संस्थेच्या साहेबांना फोन केला. तिथंच थांबा म्हणाले. पोलिसांना केला. निघतो म्हणाले.

थोड्या वेळानं
गटावरून सगळं कळतंय. गाडी थांबते तिथं माणसं उभी आहेत. वावरातून लोक निघालेत. 'घर कावेरीबाईचं' असंही कुणीतरी टाकलंय. मागल्या दारानं पळू देऊ नका, असं एकानं लिहिलंय. मागल्या दाराशी जाणार होते मी—

व्यंकटभाऊंनी मला गटातून काढलं.
आता फोन गप्प आहे. कोण कुठवर आलं, काहीच कळत नाही. बाहेर लख्ख ऊन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

व्यंकटभाऊंचा फोन. हळू बोलत होते. "म्याडम, माझ्या हातात न्हाई राहिलं आता. दार उघडू नका."
गटावर खरं लिहा म्हटलं. फोन ठेवला त्यांनी.

आले.
आरडाओरडा नाही. चपलांचा आवाज, खूप चपलांचा. अंगण भरलं असावं. खिडकीच्या फटीतून नुसते पाय—

अर्जुनराव दाराशी. ओरडत नाहीत. परत परत तेच. "बाई, आमची सृष्टी कुठाय, येवढंच सांग."
आतून सांगतेय. नांदेडला. दवाखान्यात. ते काही म्हणायच्या आत मागून दुसराच आवाज— दार तोडा—

ताईंचा फोन लागला. रिंग जातेय. त्या बोलल्या की फोन खिडकीतून अर्जुनरावांच्या हातात—
कडी निघतेय. रिंग अजून जातेय. ताई, उचला, ताई, उच