काळी मेंढरं, पांढरं पागोटं

इंदापूर,
ता. १० ऑक्टोबर १९९९

प्रिय मित्र चाँदभाई यास,
आबाजी मारकडचा स. न. वि. वि.

अक्षर सारजाचं पाहून दचकू नकोस. माझा चष्मा फुटलाय, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. बाकी सगळं क्षेम.

मानसिंगला त्याच्या कंपनीनं दोन महिने जपानला धाडलं होतं. येताना त्यानं माझ्यासाठी कॅमेरा आणला. मुठीत मावेल एवढा, पण त्यात रीळ नाही. डिजिटल म्हणतात त्याला. रिळाच्या जागी काडेपेटीएवढं, पण कागदासारखं पातळ कार्ड. बटण दाबलं की फोटो पाठीवरच्या इवल्या पडद्यावर लगेच दिसतो. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला हे यंत्र सोपं जाईल, असं पोराला वाटलं. सोबत इंग्रजीतलं पुस्तक आहे, ते कॅमेऱ्यापेक्षा जड आहे.

पहिल्या दिवशी आठ फोटो काढले. दोनांत माझाच अंगठा. तुळशीशेजारी तिचं भूत उभं राहिलं. सारजाला चार डोळे आले. ती म्हणाली, दोन डोळ्यांचा धाक तुम्हाला पुरत नव्हता, आता चार झाले ते बरंच झालं. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

तू बारामतीत इतकी वर्षं स्टुडिओ चालवतोस. फोटो असे पुसट का येतात ते कळव. मेहबूबवहिनींना नमस्कार. आठवण ठेव.

तुझा,
आबाजी

(समासात, बारीक अक्षरात)
चाँदभाऊ, चष्मा धड हाय. ह्यांचा उजवा हात वर्षभर थरथरतोय. खडू धरवत न्हाय, सही येत न्हाय. डॉक्टर म्हणले जिवाला धोका न्हाय, पर पुरता जायचा न्हाय. लोकांनी बघू नये म्हणून हे घराबाहेर पडायचेच थांबलेत. मी सांगितलं हे ह्यांना कळू देऊ नका. — सारजा


बारामती,
ता. १६ ऑक्टोबर १९९९

प्रिय आबाजी मास्तर,
चाँदभाई आतारचा सलाम व नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. तू फोटो पाठवले असतेस तर दोष लगेच सांगितला असता. पण तुझे फोटो डब्यातच राहणार आणि मी ते तुझ्या शब्दांतून बघायचे! मेहबूब म्हणाली, हे म्हणजे पत्रातून नाडी बघण्यासारखं आहे. असो, बघतो.

तुळशीचं भूत म्हणजे कॅमेरा हलला. त्यात लाजायचं काही नाही. माझाही हात हल्ली पहिल्यासारखा स्थिर राहत नाही. मी काय करतो ते सांगतो. जुन्या सदऱ्याची बाही कापायची, तिच्यात शेर-दोन शेर बाजरी भरायची आणि दोन्ही तोंडं शिवून टाकायची. ही पिशवी ओट्यावर, दगडावर, कुठंही ठेवायची आणि तिच्यात कॅमेरा रुतवायचा. मग बटणाला हातच लागू नये म्हणून त्याचं घड्याळ लावायचं. घड्याळाचं चित्र असलेली कळ शोध. ती लावून बटण दाबलंस की दहा सेकंदांनी फोटो आपोआप निघतो. तोवर तू हात मागं बांधून उभा राहा.

आणखी एक. बटण एकदम दाबू नको. अर्धं दाबायचं, कॅमेऱ्याला नीट बघू द्यायचं, मग पुरतं. आणि तो फ्लॅश बंद कर. दारातून येणारा उजेड फुकट असतो आणि फ्लॅशपेक्षा चांगला असतो. सारजाबाईंना उंबऱ्यात बसव, डोळे दोनच येतील.

खरं सांगू? हे यंत्र आल्याचं ऐकून छातीत जरा धस्स झालं. रीळ गेलं तर धुलाई गेली, धुलाई गेली तर आमची काळोखी खोली गेली. पण आधी तुझं काम होऊ दे. लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझा,
चाँद


इंदापूर,
ता. २४ ऑक्टोबर १९९९

प्रिय चाँद,
स. न. वि. वि.

बाजरीची पिशवी झाली. सारजा उंबऱ्यात बसली, डोळे दोनच आले, आणि इतके स्पष्ट आले की तिनं तो फोटो पुसायला लावला.

आता एक विचारतो. तुझा हात कधीपासून हलायला लागला? गेल्या ईदला तू काठोकाठ भरलेली शिरखुर्म्याची वाटी दारापासून माझ्या हातापर्यंत आणलीस, थेंब हिंदकळला नाही. त्या दिवशी मीच एक हात मांडीखाली दाबून बसलो होतो. तेव्हा सारजानं समासात काय लिहिलं ते मला कळलं असं समज. मी रागावलो नाही. खोटं बोलून तुम्ही दोघांनी मला शहाणं केलंत. होय, हात थरथरतो. लिहून टाकलं की हलकं वाटतं, म्हणजे सारजानं लिहून टाकलं की.

आता खरं काम सांगतो. माझे थोरले बंधू म्हस्कू तुला ठाऊक आहेत. दादांनी माळावर मेंढरं राखली आणि मला शाळेत घातलं. मी मास्तर झालो तेव्हा ते एकदाच म्हणाले होते, आबा, तू सगळ्या जगाची चित्रं काढतोस, माझं एक मेंढरांसंगं काढ. मी व्हय म्हणालो. त्याला पस्तीस वर्षांहून अधिक झाली. आज काढू, सुट्टीत काढू, करता करता हात असा झाला.

दादांचे गुडघे गेलेत. मुलं कारखान्यात कामाला आहेत, मेंढरांच्या खांडामागं फिरायला कोणी नाही. सुप्याचे मेंढपाळ जोतीराम साठच्या साठ मेंढरं विकत नेणार आहेत. पाडव्याला पूजा झाली की १४ नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी ती माळावरून निघतील. म्हणजे त्याच सकाळी फोटो निघाला तर निघाला.

चाँद, तू तुझा मोठा कॅमेरा घेऊन येशील का? मी बिघडवलं तर दुसऱ्यांदा काढायला मेंढरं नसतील.

तुझा,
आबाजी


बारामती,
ता. ३० ऑक्टोबर १९९९

प्रिय आबाजी,
सलाम व नमस्कार वि. वि.

मी येणार नाही. रविवारी एक लग्न आहे हे खरं, पण लग्न नसतं तरी आलो नसतो. मी काढला तर फोटो चांगला येईल. पण दादांनी तो मला मागितलेला नाही.

आता नीट वाच. तुमची मेंढरं काळी, दादांची घोंगडी काळी आणि पागोटं पांढरंशुभ्र. इथं कोणताही कॅमेरा फसतो. एवढं काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार झाला, मग तो सगळंच उजळ करायला जातो आणि पागोट्याचा नुसता चुना होतो. तुझ्या यंत्रावर अधिक-उण्याचं चिन्ह असेल. ते उण्याकडं एक घर सरकव. पागोट्याची घडी पडद्यावर दिसायला लागली की थांब.

ऊन कोवळं आहे तोवर काढ, आठच्या आत. नंतर डोळ्यांखाली खड्डे पडतात. चित्राची प्रत सगळ्यांत वरची ठेव. मग कार्डावर आठ-दहाच मावतील, पण मोठा फोटो करायचा तर तेच हवेत. झूम ओढत बसू नको, चार पावलं पुढं जा. आणि पडदा सारखा चालू ठेवू नको, सेल तोच खातो. सेलचा दुसरा जोड खिशात ऊबेला ठेव.

बाकी तुला काय शिकवायचं? कुठं रिकामं सोडायचं आणि कुठं भरायचं हे तू पोरांना जन्मभर सांगत आलास. हात लागतो तो बटणापुरता, आणि ते घड्याळ दाबतंय.

दिवाळीचा फराळ कुणाबरोबर तरी धाडा. सारजाबाईंच्या चकलीवर आमचा हक्क आहे, तो राहू दे.

तुझा,
चाँद


इंदापूर,
ता. १६ नोव्हेंबर १९९९

प्रिय चाँद,
स. न. वि. वि.

फोटो हाती लागला की नाही हे मला अजून नक्की माहीत नाही. झालं ते सांगतो.

वर्षभरानं मी पहाटेची एस. टी. धरली. सारजा बरोबर होती, पिशवीत बाजरी होती. माळावर पोचलो तेव्हा जोतीराम येऊन बसले होते. दादांनी नवं पागोटं बांधलं होतं. एका पालथ्या पाटीवर पिशवी ठेवली, कॅमेरा रुतवला, चिन्ह उण्याकडं एक घर सरकवलं. हात थरथरत होता, सगळे बघत होते. मी बघू दिलं.

पण दादा! रेशनकार्डाच्या फोटोला उभे राहावेत तसे ताठ. घड्याळाचा लाल दिवा लुकलुकायला लागला की श्वासच धरायचे. सात फोटो काढले, सातही खांबाचे. सारजानं हसवून पाहिलं, ते आणखी ताठ झाले. तेवढ्यात सेल गेले. खिशातला दुसरा जोड घातला. जोतीराम म्हणाले, मास्तर, ऊन वर चाललं, निघायला हवं. मी म्हणालो, एकच.

बटण दाबलं आणि मागं सरलो. लाल दिवा लुकलुकत असताना काजळी नावाची मेंढी बाजरीच्या वासानं थेट पिशवीकडं आली. मी पुढं धावलो असतो तर सगळं मोडलं असतं. मी जागचा हललो नाही. दादा फोटो विसरले. कमरेत वाकून त्यांनी हात पुढं केला, जिभेनं चक् चक् केलं आणि बोलावलं, "काजळे, हिकडं ये." ती वळली. तिच्याबरोबर सगळं खांड दादांकडं वळलं. आणि यंत्रात टिक् झालं.

उन्हात पडद्यावर काही दिसेना. मग दादांनी घोंगडी आम्हा दोघांच्या डोक्यांवरून घेतली. लहानपणी पावसात घ्यायचे तशी. आत अंधारात एवढंसं चित्र उजळलं. दादा म्हणाले, "माझी पाठ एवढी वाकली व्हय?" मी काही बोलायच्या आत पडदा विझला. दुसरा जोडही जुनाच निघाला.

मेंढरं गेली. धूळ खाली बसेपर्यंत दादा उभे होते, मग जेवायला बसले. नवे सेल घालून बघायला माझं मन होत नाही. काही चुकीचं दाबलं आणि पुसलं गेलं तर? मानसिंग शनिवारी येतोय. कॅमेरा, कार्ड आणि वायर घेऊन त्याला तुझ्याकडं धाडतो. पुढचं तू बघ.

तुझा,
आबाजी


बारामती,
ता. ४ डिसेंबर १९९९

प्रिय आबाजी,
सलाम व नमस्कार वि. वि.

आठवा फोटो कार्डावर शाबूत आहे. हे आधी लिहिलं, आता श्वास सोड.

आमची लेक मेहजबीन इथल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवते हे तुला ठाऊकच आहे. मानसिंगनं आणि तिनं वायर जोडून फोटो मोठ्या पडद्यावर आणला. आबाजी, मी खुर्चीवरून उठलो. पागोट्याची घडी न् घडी दिसते. काळ्या लोकरीत काळं हरवलेलं नाही. चाळीसएक माना एकाच माणसाकडं वळलेल्या. हे माझ्या हातून एकदाही झालेलं नाही.

मग छपाईचा घोळ. क्लासातल्या छपाईयंत्रानं दादांना निळं केलं. कागद बदलला, तर हिरवं केलं. मेहजबीन म्हणाली, पुण्याला पाठवू. मला ते पटेना. संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी माझा रिळाचा कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवला, खोलीतले दिवे मालवले आणि कॉम्प्युटरच्या पडद्याचाच फोटो काढला. शटर वेगानं मारलं तर पडद्यावर काळा पट्टा येतो. म्हणून सावकाश ठेवलं, एका सेकंदाचा आठवा भाग. तीन रिळं गेली. मग बारा बाय पंधराचा असा फोटो उतरला की मेहबूबनं हात पुसून मग तो धरला. तेव्हा तुझं यंत्र आणि माझं यंत्र अजून भांडत नाहीत, एका चुलीवर जेवतात. उद्याचं उद्या.

एक दोष आहे, तो सांगायलाच हवा. ऊन तुझ्या पाठीमागून होतं. खालच्या कोपऱ्यात तुझी लांब सावली पडलीय, हात मागं बांधलेली. मी दोन प्रती केल्यात. एकीत सावली आहे, दुसरीत तेवढा भाग कापून चौकट नीट केलीय. धंद्याच्या दृष्टीनं दुसरीच चांगली. दोन्ही मानसिंगबरोबर देतो, दादांना हवी ती ठेवू दे.

येत्या आठवड्यात रोजे सुरू होतील. दुवेत तुम्ही आहातच.

तुझा,
चाँद


इंदापूर,
ता. २० डिसेंबर १९९९

ती. चाँदभाऊंस,
सारजाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी एकटीच लिहितीय. सांगणारं माणूस घरात न्हाय.

फोटो घिऊन आमी परवा माळावर गेलो. थोरल्या भावजींनी आधी हात धुतले. मग दोन्ही फोटो अंगणात घोंगडीवर मांडले आन् म्होरं बसले. सोताच्या तोंडाकडं बघितलंच न्हाय. एकेका मेंढीवर बोट ठिवून नाव घेत गेले. काजळी, बोरी, तुटक्या कानाची, पुनवंची. ज्या पाठमोऱ्या व्हत्या त्याबी वळखल्या. ह्ये शेजारी बसून नुसते ऐकत व्हते.

मग बोट कोपऱ्यातल्या सावलीपाशी आलं. मी सांगितलं, चाँदभाऊ म्हणत्यात ती चूक हाय, दुसऱ्यात काढून टाकलीय. भावजी म्हणले, "चूक कशाची? आबा हाय त्यो. ह्योच ऱ्हाऊ दे." आन् कापलेला फोटो उचलून माझ्या हातात दिला. तो आता आमच्या घरात हाय. तुमची चौकट झ्याक झालीय, तुमी मनाला लावून घिऊ नका.

ह्यांनी तवा तोंड फिरवलं.

काल सकाळीच भावजी हितं आले. जोतीरामला फोटो दाखवायचा म्हणले. त्याला मेंढरांची नावं ठावं न्हाईत, नुसतं हुर्र करून हाकतोय, नावानं हाक मारली तर ती ऐकतील. म्हणून दोघं भाऊ सुप्याच्या गाडीला गेले. तिकडं हरणं दिसत्यात म्हणून ह्यांनी कॅमेरा घेतला, बाजरीची पिशवी घेतली, सेलचे चार जोड घेतले. मला चल म्हणले न्हाईत. चष्माबी हितंच इसरलाय.

रातच्याला मुक्काम करतील असं वाटलंच व्हतं. आज दुपार झाली, तरी पत्ता न्हाय. मी काळजी करत न्हाय, भाकरी तेवढ्या दोघांच्या जास्त थापल्यात.

ईदला आमी तिघं येतोय, भावजीसुदिक. मेहबूबभाभींना सांगा. बहिणीवर माया हाय तशीच ठिवा.

तुमची बहीण,
सारजा