सुकट आमच्या घरची नसल्याचा दाखला

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, जिंतूर, जिल्हा परभणी.

अर्जदार : महानंदाबाई भ्र. कै. शिवरुद्र हालगे, राहणार मौजे उंबरदरी, तालुका जिंतूर.

विषय : माघ महिन्यात अर्जदाराच्या घरी काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघालेली सुकट अर्जदाराच्या घरची नाही, असा सरकारी शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : उंबरदरी ग्रामपंचायतीचे "नोंद आढळत नाही" असे लेखी उत्तर, आणि सरपंचांचे तोंडी उत्तर, जे कागदावर लिहिण्यासारखे नाही.

मेहेरबान साहेबांचे सेवेशी,

१. अर्जदार बाईंना लिहिता येते, पण राग आला की त्यांचा हात थरथरतो. म्हणून हा अर्ज त्यांच्या सांगण्यावरून कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस मुंजाजी लिहीत आहे. काही शब्द जरा सौम्य करावेत असे अर्जनवीसाने सुचवून पाहिले. बाईंनी ऐकले नाही. सबब, जे कडू लागेल ते बाईंचे समजावे आणि शुद्धलेखन चुकले असेल तर ते अर्जनवीसाचे.

२. उंबरदरीत बन्सीधर शेठ यांचे किराणा दुकान आहे. त्या दुकानाच्या ओसरीला निजामाच्या अमदानीपासून लाकडी खुंट्यांची रांग होती. प्रत्येक घराची खुंटी ठरलेली आणि प्रत्येक घराची कापडी पिशवी ठरलेली. बाजारच्या दिवशी बायका शेतात जाताना आपली पिशवी आपल्या खुंटीला अडकवून जात. येताना किराणा, भाजी, जे काय घ्यायचे ते तिच्यात भरत आणि उरलेला बाजार उरकेपर्यंत पुन्हा तिथेच टांगत. कोणाच्या पिशवीला कोणत्या लुगड्याचे ठिगळ आहे हे गावातल्या आंधळ्यालाही हात लावून सांगता आले असते. इतक्या वर्षांत एका घरचे मीठ दुसऱ्या घरी गेले नाही.

३. मागच्या दिवाळीनंतर बन्सीधर शेठ परभणीहून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे घेऊन आले. सगळ्या खुंट्या त्यांनी उपटून चुलीत घातल्या आणि त्यांच्या जागी एक लोखंडी आकडा ठोकला. आता सगळ्या गावाचा बाजार त्या एका आकड्याला लोंबतो. पिशव्या सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या, आणि फुकट असल्यामुळे कोणी दुसऱ्यांदा वापरत नाही. दुकानामागच्या बाभळीवर हल्ली कावळ्यांपेक्षा पिशव्या जास्त बसतात. अर्जदार एकट्या त्या धुऊन, कुडावर वाळवून पुन्हा वापरतात, आणि त्याबद्दल गावात त्यांना हसण्याची रीत पडली आहे.

४. अर्जदारांची स्वतःची पिशवी त्यांच्या आईच्या इरकली लुगड्याची होती. आई गेल्यावर तेवढेच एक लुगडे धडके निघाले, त्याची ती शिवलेली. ज्या दिवसाची ही तक्रार आहे त्या दिवशी त्या ही पिशवी घेऊन दुकानात गेल्या. शेठजींनी ती हातातून ओढून घेतली, त्या पिशवीनेच गोडेतेलाच्या डब्याचे तोंड पुसले आणि म्हणाले, "चिंध्या टांगायला ही काय म्हसोबाची बाभळ हाय का, बाई? जमाना बदलला. घ्या ही, नवी कोरी." दुकानात चार गिऱ्हाईके होती. चौघेही हसले. अर्जदारांना त्या दिवशी भांडायला वेळ नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी मुलीच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. नाहीतर हा अर्ज दुसऱ्याच कलमाखाली आला असता.

५. अर्जदारांची एकुलती एक मुलगी महादेवी हिची सोयरीक वालूरचे लिंगराजअप्पा यांच्या थोरल्या मुलाशी जमली होती. मुलीला बाप नाही. अर्जदारांनी शिलाईवर तिला दहावी केले. स्थळ चांगले, माणसे कडक. अशा सोयरिकीत सुपारीचा शिधा घालून पिशवीची गाठ मारली की ती गाठ वरपक्षाकडच्या वडीलधाऱ्या बाईनेच, सगळ्यांसमोर सोडायची, तोवर कोणी उघडून पाहायचे नाही, अशी हालगे यांच्या घराची चाल आहे. अर्जदारांनी खोबरे, हळकुंडे, बत्तासे आणि विभूतीची वडी त्या काळ्या पिशवीत घालून गाठ मारली, आकड्याला अडकवली आणि खण आणायला कापडवाल्याकडे गेल्या. परत येऊन पिशवी काढली. हाताला कुरकुर लागली. बत्ताशांचीच म्हणून त्या निश्चिंत झाल्या.

६. दुसऱ्या दिवशी लिंगराजअप्पा, त्यांच्या मातोश्री आणि सोबत जंगम स्वामी घरी आले. पाट मांडले, विभूतीचे ताट पुढे ठेवले. मातोश्रींनी मांडीवर पिशवी घेऊन गाठ सोडली. आतून सुकट पडली. मांडीवर पडली आणि विभूतीच्या ताटातही पडली. ही शुद्ध शाकाहारी, गळ्यात लिंग असलेली माणसे, हे साहेबांना सांगणे न लगे. घरात कोणी ओरडले नाही. ओरडले असते तर बरे झाले असते, उलट बोलता आले असते. सगळी उठली, ओसरीबाहेर हात धुतले आणि फाट्यावर जाऊन उभी राहिली. एस.टी. लवकर येईना. अर्जदार पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यामागे फाट्यापर्यंत गेल्या आणि गाडी येईपर्यंत तो धरून उन्हात उभ्या राहिल्या. पाणी कोणी घेतले नाही. 

७. कापडी पिशवी असती तर ती आकड्यावरून काढतानाच वास आला असता. वासाने नाही तर ठिगळाने कळले असते. प्लॅस्टिकने वासाचे नाक दाबून धरले आणि अर्जदारांचे नाक कापले.

८. सुकट कोणाची, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती सरपंच व्यंकटराव यांच्या पत्नी कडूबाई यांची. व्यंकटरावांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि माळकऱ्याच्या घरी सुकट शिजत नाही असा गावाचा समज आहे. पूर्वी ते खरेही असावे, कारण कापडी पिशवीतून सुकट नेली तर सगळी गल्ली मागे मागे येते. काळ्या पिशव्या आल्यापासून सुकटवालीच्या पाटीपुढे नवी नवी गिऱ्हाईके बसू लागली आहेत. कोणी काय खावे याबद्दल अर्जदारांचे काही म्हणणे नाही. खाल्ले तर खाल्ले म्हणावे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

९. अर्जदार कडूबाईंच्या दारी गेल्या तेव्हा कडूबाईंच्या हातात बत्तासा होता. बोलणे झाले ते असे : "मला काय ठाव बाई कुणाची पिशवी ती? काळी पिशवी काळीच असती. घरात आली, देवानं दिली म्हणून ठिवली." अर्जदारांनी सुकटीचे नाव काढताच त्या म्हणाल्या, "आमी माळकरी माणसं. तोंड सांबाळून बोल." आणि शिधा परत मागितला तर पिशवी तेवढी रिकामी करून दगडी गडग्यावरून अर्जदारांच्या पुढ्यात फेकली. साहेब आमच्याच भागातले असतील तर त्यांना माहीत असेल, आमच्याकडे कोणाचे भांडे किंवा पिशवी रिकामी परत करत नाहीत. काही नसले तर चिमूटभर साखर घालतात, दोन मिरच्या घालतात. दुष्काळातही अर्जदारांनी कोणाची वाटी रिकामी परत केलेली नाही. शिधा खाल्ला ते एक वेळ पोटात घातले असते, पण रिकाम्या पिशवीचा अपमान अर्जदार विसरणार नाहीत आणि कडूबाईंनाही विसरू देणार नाहीत.

१०. त्यानंतर अर्जदार वालूरला गेल्या. लिंगराजअप्पांनी घरात घेतले नाही, ओट्यावर बसवले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, तुमचं खरं असंल. पण उद्या पावण्यारावळ्यांत आमाला इचारलं तर काय दावावं? सुकट तुमच्या घरची न्हाई म्हणून सरकारचा शिक्का आणा, मग बसू." म्हणजे अर्जदाराचा शब्द, तिच्या मेलेल्या नवऱ्याचे नाव आणि मुलीची चालचलणूक यांपेक्षा शिक्का मोठा ठरला. असो.

११. अर्जदारांनी ग्रामपंचायतीत दाखला मागितला. तिथे दाखल्यावर सही सरपंचांची लागते, आणि सरपंच म्हणजे कडूबाईंचे यजमान. त्यांनी लिहून दिले की, "सदर सुकट कोणाची याबाबत या कार्यालयात नोंद आढळत नाही." ग्रामसेवक म्हणाले, "नामांतराच्या मोर्च्याचा बंदोबस्त चालू हाय, समदा तालुका तिकडं लागलाय, आन तुमी सुकट घिऊन बसल्या." तलाठी म्हणाले की त्यांच्याकडे शेतात काय पिकते त्याची नोंद असते, पिशवीत काय निघते त्याची नसते. पोलीस पाटलांनी विचारले की चोरी काय झाली. अर्जदार म्हणाल्या, बत्तासे. ते हसले. बन्सीधर शेठ यांना साक्ष द्या म्हटले तर म्हणाले, "धा गिऱ्हाइकं तुटतील माझी." आकडा त्यांचा, पिशवी त्यांची, तेलात बुडालेली इरकल अर्जदाराची, आणि साक्ष मात्र कोणाचीच नाही. अख्ख्या गावात खरे माहीत नसलेला माणूस सापडणार नाही, आणि बोलणाराही सापडत नाही. अशा गावात राहण्यापेक्षा गोदावरीच्या पुरात राहिलेले बरे, असे अर्जदारांचे मत आहे. अर्जनवीसाचे वेगळे असले तरी ते विचारलेले नाही.

१२. सबब, अर्जदारांच्या मागण्या खालीलप्रमाणे :

(अ) सुकट कोणाची होती हे लिहिण्यास साहेबांना सरपंचांमुळे अडचण असेल, तर ती कोणाची नव्हती एवढेच लिहून शिक्का मारावा. त्याने कोणाच्या माळेला धक्का लागत नाही.

(आ) बन्सीधर शेठ यांनी आकडा काढून खुंट्या होत्या तशा, होत्या तिथे बसवाव्यात, आणि गिऱ्हाइकाने आणलेली कापडी पिशवी नाकारू नये.

(इ) बाभळीवरच्या सगळ्या पिशव्या शेठजींनी स्वतः चढून काढाव्यात. गडी लावू नये. पायात वहाणा घालण्यास हरकत नाही, ही सवलत अर्जनवीसाच्या आग्रहावरून दिली आहे.

(ई) इतके होऊनही प्लॅस्टिकची पिशवी ठेवायचीच असेल तर ज्याने घेतली त्याचे नाव तिच्यावर ठसठशीत लिहावे आणि तीच फाटेपर्यंत वापरावी. मग माळकरी कोण आणि नुसता माळ घालणारा कोण, हे बाजारात आपोआप कळेल.

१३. हा अर्ज इथपर्यंत लिहून झाल्यावर एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. मुलगी महादेवी आईसोबत कचेरीत आली आहे आणि इतका वेळ ओट्यावर बसून ऐकत होती. मागण्या वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "माय, शिक्का आला तरी मी त्या घरात जायची न्हाई. आज सुकटीचा कागद मागितला, उद्या मी रडले तर रडण्याचा मागतील." अर्जनवीसाला वाटले की आता अर्ज फाडावा लागणार, म्हणून त्याने लेखणी खाली ठेवली. बाईंनी ती उचलून पुन्हा त्याच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "लिव्ह. दाखला तरी बी पायजेच."

१४. तो कशासाठी, हे त्यांच्याच सांगण्याप्रमाणे लिहीत आहे. आज सोयरीक लिंगराजअप्पांनी मोडली आहे. अर्जदार दाखला घेऊन वालूरला जाणार, त्याच ओट्यावर बसून तो अप्पांच्या हातात देणार, त्यांना शिक्का नीट पाहू देणार, आणि ते "बसा आत" म्हणाले की उठून सांगणार की मुलगी द्यायची नाही. नाही म्हणण्याची पाळी एकदा आपल्याकडे यावी, एवढ्यासाठी अर्जदार सरकारच्या दारात आल्या आहेत. मुलीच्या नावापुढे "परत पाठवलेली" असे गावाने लावले आहे, त्याच्या जागी "दिली नाही" असे लागले पाहिजे. यावर मुलीने मान हलवली आहे, म्हणून तिचीही संमती समजावी.

१५. हा अर्ज ज्या पिशवीतून येत आहे ती वर लिहिलेली इरकली पिशवी होय. शिकेकाईने तीनदा धुतली, तरी तेलाचा डाग गेला नाही. दाखला तयार झाला की टपालाने पाठवू नये, शिपायाबरोबर ग्रामपंचायतीत तर मुळीच पाठवू नये. याच पिशवीत घालून द्यावा. अर्जदार दर बाजारच्या दिवशी कचेरीच्या ओट्यावर येऊन बसतील. त्यांना उठवायला गेल्यास काय होईल याची हमी अर्जनवीस घेत नाही.

साहेबांच्या शिक्क्याची आणि त्यांच्या हिमतीची वाट पाहणारी,

महानंदाबाई भ्र. कै. शिवरुद्र हालगे
(सही बाईंनी स्वतः केली आहे. हात थरथरला नाही.)

लिहिणार : मुंजाजी, अर्जनवीस
जिंतूर, फाल्गुन शुद्ध पंचमी, सन १९९२

सोबत :

१. काळी प्लॅस्टिकची पिशवी, सुकटीसह. सांडलेली सुकट केरसुणीने भरून, पुन्हा गाठ मारून ती आजवर घराबाहेर बाभळीला टांगलेली होती, त्यानंतर अर्जदारांनी हात लावलेला नाही. अर्जनवीसाने काठीला अडकवून आणली आहे. गाठ साहेबांनी सोडावी किंवा सोडू नये, मर्जी साहेबांची.

२. काळी प्लॅस्टिकची पिशवी, कडूबाईंनी फेकलेली. अर्जदारांनी धुऊन, वाळवून, घडी घालून जोडली आहे. सरकारी कामात पुन्हा वापरता येईल.

३. ग्रामपंचायतीचे उत्तर.

४. इरकली लुगड्याची कापडी पिशवी, डागासह. ही परत पाहिजे. रिकामी नको.