नाकापासून खाली कोरं

८ सप्टें., सोम.
सकाळी पुन्हा तेच. आधी कॉम्प्युटर, मग प्रिंटर. तो घसा खाकरतो, दिवा लाल होतो, वरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं येतात: मेमरी अपुरी. खाली इंग्रजीत गायकवाड डी. मी हिरवं बटण दाबलं. कागद आला. वर कंपनीचा शिक्का, 'गेट पास', नाव, उजवीकडे द.चा फोटो. केस, कपाळ, भुवया, डोळे. नाकापासून खाली कोरं.
कुणी यायच्या आत घडी घालून पर्समध्ये टाकला.
('यांचा' लिहायला गेलं की हात अडतो. म्हणून द. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच नाव, आता रोज घेते.)
ऑगस्टपासून त्याच्याच जागी आहे. डिस्पॅच. खुर्ची त्याची, कॉम्प्युटर त्याचा, लॉगिनसुद्धा त्याचंच. माझं नवीन लॉगिन 'पुढच्या आठवड्यात' मिळणार आहे, ऑगस्टपासून.

९ सप्टें., मंगळ.
डिझाइनवाल्यांचं ड्रॉइंग अर्धंच निघालं. काळे साहेब चिडले. ते आमचे हेड. भोसरीहून इरफानभाईंना बोलावलं, आमचे प्रिंटर तेच बघतात. त्यांनी झाकण काढून आत बॅटरी मारली.
"मॅडम, याची मेमरी लई कमी आहे. पान पुरतं डोक्यात मावलं तरच हा पुरतं छापणार. फोटो आला, ड्रॉइंग आलं की निम्म्यात हात वर करतो."
म्हटलं, माझंही तसंच आहे. हसले.
मग माझ्या कॉम्प्युटरवर बसले. "ही एक जुनी प्रिंट अडकलीय. जूनची. पुरती निघाली नाही म्हणून कॉम्प्युटर रोज सकाळी परत पाठवतोय. उडवू?"
"नको."
"का?"
"ऑडिटला लागेल."
शुद्ध थाप. गेट पासला कसलं ऑडिट. ते म्हणाले, "मग असू दे. रॅमची नवी पट्टी टाकली की एका दमात निघेल. मग यादीतून आपोआप जाईल."
दुपारचा डबा तसाच परत आणला.

१० सप्टें., बुध.
कालपासून तेच डोक्यात. निघेल, मग जाईल.
फोटोवाला पास जूनमध्ये नवाच सुरू झाला होता. द.ला त्या दिवशी लवकर निघायचं होतं. सासूबाईंना डोळे दाखवायला भोसरीला न्यायचं होतं. पास पाठवला, प्रिंटरने तोंड फिरवलं. साहेबांनी हाताने लिहून सही करून दिला, तर गेटवरचा सिक्युरिटी म्हणाला, फोटो नाही, चालणार नाही. नियम म्हणजे नियम. मग बसला शिफ्ट सुटेपर्यंत. मला फोन केला होता, "हा प्रिंटर माझ्यावर रुसलाय बघ." मी हसले. सुटल्यावर सगळ्यांच्या गर्दीत गाडी काढली, आणि कुरुळीच्या फाट्यावर ट्रेलर.
दुपारी रस्ता मोकळा असतो. मला माहीत आहे, कारण आता दुपारच्या रस्त्याकडे मी मुद्दाम बघते.
फोटोचा पास तेव्हापासून बंद. हाताने लिहिलेला चालतो. आता चालतो.

११ सप्टें., गुरु. कंपनीची साप्ताहिक सुट्टी.
भरणी श्राद्ध. निगडीहून भाऊ आला होता, सगळं त्याने आणि गुरुजींनी उरकलं. द.ला आवडणारी गवार केली. जाताना भाऊ म्हणाला, "आमच्याकडे प्राधिकरणात चल ना रहायला. त्या कंपनीत, त्याच खुर्चीत कशाला बसतेस रोज?"  खरं उत्तर दिलं असतं तर त्याने मला डॉक्टरकडे नेलं असतं.

१५ सप्टें., सोम.
पट्टी आली. बोटभर लांब, हिरवी. इरफानभाईंच्या माणसाने चंदेरी पिशवीत आणून दिली. ही आत गेली की फोटोचा पास परत सुरू करायचा, असं वरून आलंय.
 पण काळे साहेबांनीच पिशवी माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली. "ताई, पितृपंधरवडा चालू आहे. नवी वस्तू आत्ता बसवायची नाही. दसऱ्याला बघू." इंजिनिअर माणूस, पण लिंबू-मिरचीशिवाय गाडी काढत नाही. आज त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

१७ सप्टें., बुध.
आज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, प्रिंटर आपला आपण जागा झाला. कुणी काही पाठवलं नव्हतं. आतला रोलर फिरला, थांबला. मी एकटीच होते. "काय हो?" असं तोंडातून गेलं. मोठ्याने.
इरफानभाईंना फोनवर विचारलं तर म्हणे मशीन मधूनमधून स्वतःला साफ करतं, नॉर्मल आहे. असेल.

२० सप्टें., शनि.
घरी प्रकार झाला. सईला साडीच्या घडीत कागद सापडले. सगळे. दहावीची पोरगी, पांढरी पडली.
"आई, हे काय आहे? बाबांचे डोळेच डोळे."
सांगितलं. रडली, मग भडकली. "मोबाइलमध्ये ढीगभर फोटो आहेत. भिंतीवर आहे. हे कशाला?"
तिला कसं सांगू. भिंतीवरचा काढून झालाय. हा अजून निघतोय. रोज सकाळी निघायला बघतो आणि अडतो. मी रोज त्याच्यासाठी ऑफिसला जाते, पगारासाठी नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण आहे हे असं आहे.
आमचा आवाज ऐकून सासूबाई आल्या. कागद मागून घेतला, डोळ्यांना लावला. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, दुसऱ्याचंही तेच होणार. जूनपासून डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत.
"ह्यो दत्ताच हाय न्हवं?"
"हो."
"मग अर्धाच का गं?"
सईने सांगितलं. मशीनची मेमरी, पट्टी, पास, सगळं. ऐकून म्हणाल्या, "म्हंजे पास न्हाई म्हून त्यो अजून आतच उभा हाय व्हय? आन् तू त्याला रोज परत फिरवतीस?"
मला राग आला. भयंकर. म्हटलं, मी नाही फिरवत, मशीन फिरवतं.
 त्या भाकरीला बसल्या.

२१ सप्टें., रवि.
तू त्याला रोज परत फिरवतीस. सबंध दिवस हेच. ऑफिसात मालाचं चलन दोनदा चुकलं.

२२ सप्टें., सोम.
घटस्थापना. पितृपंधरवडा संपला. आता अडवायला कुणी नाही.
साहेब: "पट्टी जपून ठेवलीय ना? खंडेनवमीला साफसफाईत बसवून टाकू."
मी म्हटलं, "ठेवलीय." ठेवली होतीच. पण जेवणानंतर ती पिशवी उचलून स्टेशनरीच्या कपाटात, जुन्या फायलींमागे सारली. का, विचारू नये.

२६ सप्टें., शुक्र.
साहेबांनी पिशवी मागितली, इरफानभाईंना नंबर कळवायचा होता. म्हटलं, सापडत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मग दार लोटून आत आले, बसले.
"ताई, त्या दिवशी गेटवर मी स्वतः गेलो असतो तर..."
 त्यांचा हात टेबलावरच्या स्टेपलरशी खेळत होता. माझ्या मनात त्यांच्याबद्दल इतके दिवस जे होतं ते थोडं हललं. गेलं नाही. हललं.
"मेमरी मागवा म्हणून दत्ताच माझ्या मागे लागला होता," म्हणाले. "मेपासून."
मी उठून कपाटातून पिशवी काढून दिली. त्यांनी ती तिथे कशी गेली हे विचारलं नाही.

२९ सप्टें., सोम.
आजचा कागद जरा जास्त निघाला असं वाटलं. नाकाची सुरुवात. घरी येऊन जुन्यांशी लावून पाहिला. सारखाच आहे.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
सगळी कंपनी धुऊन काढली. झेंडूचा वास, ऑइलचा वास. शॉपमधली मशिनं पुसून हार घालून बंद. ऑफिसातही तसंच, काळे साहेबांचा कडक नियम: पूजा झाली की कुठल्याही यंत्राला दसरा उलटेपर्यंत हात नाही.
पूजेआधी इरफानभाईंनी पट्टी बसवली. वायर काढली, बाजूचं झाकण उघडलं. मला म्हणाले, "आधी लोखंडाला हात लावा, अंगातली वीज उतरू द्या. मग धरा." मी कपाटाला हात लावला. पट्टी मीच दिली त्यांच्या हातात. खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. दोन्हीकडच्या क्लिपा खट्कन बसल्या. नंतर कॉम्प्युटरलाही सांगावं लागतं म्हणे की याची मेमरी वाढली, नाहीतर त्याला पत्ताच नसतो. तेही केलं.
"टेस्ट घेऊ?"
"नाही," साहेब म्हणाले. "आता पूजा. शुक्रवारी चालू करू."
हळदकुंकू मी वाहिलं. प्रिंटरवर. ज्याने माझं कुंकू... लिहीत नाही. 

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
सोनं घ्यायला कुणाकडे गेले नाही, चालतही नाही यंदा. सासूबाई उंबऱ्यात बसून होत्या. म्हणाल्या, "उद्या येतोय न्हवं?"
म्हटलं, "बघू."
"बघू काय. येऊ दे त्याला. भ्या वाटतंय तुला?"
वाटतंय. पुरता आला की उद्यापासून सकाळी काहीच येणार नाही. अर्धा का होईना, रोज होता. आणि खाली काय असेल त्याचंही भ्या वाटतंय. तोंड कसं असेल. पासच्या फोटोला कुणी हसत नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
लवकर गेले. हार सुकले होते. कॉम्प्युटर चालू केला. प्रिंटरच्या बटणावर बोट ठेवून किती वेळ उभी होते कोण जाणे. दाबलं.
घसा खाकरला. दिवा लाल झाला नाही. हिरवा. पडद्यावर नाव आलं आणि राहिलं, मेमरीचं काही नाही. रोलर फिरायला लागला तो फिरतच राहिला. रोज थांबायचा तिथे थांबला नाही. मला ओरडावंसं वाटलं, थांब. ओरडले नाही.
कागद नेहमीसारखा पालथा पडला. पडद्यावरचं नाव गेलं. कॉम्प्युटरवर यादी पाहिली, रिकामी.
मी तो उलटा केला नाही. तसाच उचलला, दोन फायलींमध्ये ठेवला.
अकराला पहिला फोटोचा पास निघाला. पेंटशॉपच्या पोराचा, मुलगी झालीय त्याला. झटकन आला. पोरगं पास घेऊन पळतच गेलं. काळे साहेब खिडकीतून गेटकडे बघत होते, मीही. सोडलं त्याला.
लॉगिनवाल्याचा फोन आला: सोमवारी नवीन देतो, जुनं काढून टाकू ना? म्हटलं, सोमवारी सांगते.
घरी आले तेव्हा सासूबाई खाटेवर बसलेल्या. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी फायलीतून कागद काढून दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडे तोंड केलं, अगदी डोळ्यांशी नेला. छापलेली बाजू माझ्याकडे येईल म्हणून मी आधीच त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले होते. सासूबाई कोऱ्या बाजूकडेच बघत होत्या.
खूप वेळ बघितलं. अंगठा हळूहळू फिरवला, वरून खाली.
"व्हय," म्हणाल्या. "पुरता आलाय."
मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, सोमवारी मला त्या डोळ्याच्या डागदराकडं घिऊन चल.
मी हो म्हटलं. कागद अजून त्यांच्या उशाशी आहे, तसाच, पालथा.