माडीवरचं माहेर

हडपसर, पुणे
१२ एप्रिल २००७

ती. आबा व ती. आईस,
वृषालीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिलं म्हणून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. पण आपला फोन पडला ओसरीवर. घंटा वाजली की शेजारच्या बयाबाईकाकूंसकट निम्मी वाडी जमते, तिथे हे कसं बोलू?

आईनं मला सातव्यात माहेरी न्यायचं ठरवलंय आणि मलाही पहिलं बाळंतपण आईजवळच हवंय. सासूबाई काही कमी करणार नाहीत, पण भीती वाटते तेव्हा मला आईच लागते. अडचण आहे कामाची. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल बोलून ठेवतात, ते आवाज इंटरनेटवरून येतात आणि मी ऐकून टाइप करते. हे घरी बसून करायला कंपनीची हरकत नाही, मात्र इंटरनेट पाहिजे. फार दिवस खंड पडला तर जागा दुसरीला. इथे आमच्या गल्लीतली पोरं इंटरनेटवर पत्ते खेळत बसतात आणि मढला साधी मोबाइलची रेंज नाही. काय करू ते तुम्हीच सांगा.

धाकट्या अमृतला म्हणावं, मामा होणार आहेस, आता तरी दाढी करत जा. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची
वृषाली

---

मढ, ता. जुन्नर
३ मे २००७

चि. सौ. वृषालीस,
रखमाजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसलोच. फोन आहे म्हणजे इंटरनेटही आलाच, असं मी वाडीभर सांगून बसलो. मग जुन्नरच्या रिखबचंदशेठच्या पिंटूला कॉम्प्युटरसकट जीपमध्ये घालून आणला. शेठच्या दुकानावरच्या माडीत त्यानं इंटरनेटचं दुकान काढलंय. आपला तांदूळ वर्षानुवर्षं शेठकडेच जातो, म्हणून पोरगं नाही म्हणालं नाही.

वायर जोडली, आत शिट्ट्या वाजल्या. अमृत म्हणाला, आला. मग तुझ्या कामातल्यासारखा एक आवाज इंटरनेटवरून कॉम्प्युटरवर उतरवायला घेतला. आमची जेवणं झाली, भांडी घासून झाली, तरी तो निम्माच. तेवढ्यात बाहेर गलका. बयाबाईच्या शीलाला बघायला पाहुणे आले होते, ठरल्याच्या एक दिवस आधी. बिचारे सकाळपासून कळवायला फोन करत होते, पण आपला फोन इंटरनेटमध्ये गुंतलेला. पाहुणे दारात, अंगण निम्मंच सारवलेलं आणि शीला गोठ्यात शेणात हात घालून.

बयाबाई उरलेलं अंगण तसंच टाकून पाहुण्यांना पाणी द्यायला धावली, ते बघून मला फार लागलं. सगळ्या वाडीचे निरोप आपल्या फोनवर येतात, तो रोज अडवून ठेवायला मन होत नाही. शिवाय पावसात तार तुटली की गणपतीपर्यंत कुणी फिरकत नाही. मला राग आलाय आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. तुझी आई तर तेव्हापासून घरचा पाळणा पुसून पुसून ठेवते आहे. प्रकृतीला जप आणि आमच्यावर रुसू नकोस.

तुझे
आबा

---

हडपसर, पुणे
११ मे २००७

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

शीलासाठी वाईट वाटलं आणि हसूही आवरेना. तिला माझ्याकडून सॉरी म्हणा. वाडीचा फोन अडवून मला माहेरपण नको. बाळंतपण पुण्यातच करते म्हणून मी इथे सगळ्यांना सांगून टाकलंय.

आईला सांगा, मी रडले नाही. रडले, पण थोडीच. नोकरी सोडावी असंही मनात येऊन गेलं. पण हे काम मी धडपडून शिकले, तिकडच्या डॉक्टरांचे उच्चार कळेपर्यंत जीव मेटाकुटीला आला होता. ते असं सोडवत नाही. तुम्हीच मला शिकायला पाठवलंत, आता भोगा. आईनं काळजी करू नये, एवढंच मागणं. जीव लावलाय तो कमी करू नका.

तुमची
वृषाली

---

मढ
२१ मे २००७

चि. सौ. वृषालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल रविवार, तुझी आई एकटीच जुन्नरच्या बाजाराला गेली आणि बाजार न करताच परत आली. पुढचं तीच सांगते आहे, ती बोलते तसंच लिहितो.

बाळा, मी शेठच्या बायकूकडं, सज्जनबाईकडं गेल्ते. त्येंला म्हनलं, पिंटूचा इंटरनेट हाये त्या माडीवर माज्या लेकीला जागा द्या. त्या म्हनल्या, शेजारची खोली रिकामीच हाये, या की. अंडं-मटन तेवढं घरात नको, येवढंच त्येंचं म्हननं. भाड्याचं नाव काडलं तर लई रागावल्या. दवाखाना बी जवळ व्हतो. मी तुज्यासंगं तितंच ऱ्हानार. इंटरनेटची मोठी तार आपल्याकडं येत नाय, तर आपुन तिच्याकडं जाऊ. आता इचार करू नगं, सामान बांद.

झालं तिचं. मी विचारलं, म्हशी मला जवळ उभं करत नाहीत, त्याचं काय? तर म्हणाली, शिका. घरचा पाळणा शेठच्या माडीला टांगायचा म्हणजे मला थोडं लागतंय, खोटं कशाला बोलू. पण तू ये. वाट पाहतोय.

तुझे
आबा

---

जुन्नर
२ सप्टेंबर २००७

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमची नात आता टकामका बघायला लागली आहे. नाक थेट तुमचं, त्याला इलाज नाही. सज्जनबाई आईच्या बरोबरीनं डिंकाचे लाडू वळतात, आणि मी खाल्ला की नाही ते दोघी आळीपाळीनं तपासतात.

मागच्या आठवड्यापासून थोडं थोडं काम पुन्हा सुरू केलं. मी काय करते ते इथे आल्यावर आईला पहिल्यांदाच दिसलं. कुणाकुणाचं दुखणं टाइप केलं ते ती रोज विचारते. काल एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्याचं होतं. आज सकाळी उठल्या उठल्या विचारलं, त्या आजीला उतार पडला का? मला ते कधीच कळत नाही म्हटल्यावर म्हणाली, मग नुसतं लिहून काय उपयोग, आणि देवापाशी दिवा लावताना तिच्यासाठी हात जोडले.

आबा, प्रसूतीच्या वेळी मी फार घाबरले होते. आईचा हात सोडलाच नाही, तिच्या बांगड्या पिचल्या. ती जवळ नसती तर काय झालं असतं, नको तो विचार. आता मी सावरले आहे. घरी तुमचे हाल होत असतील, तेव्हा आईला न्यायला या. बाळावर दृष्ट लागेल इतकं प्रेम करा.

तुमची
वृषाली

---

मढ
१० सप्टेंबर २००७

चि. सौ. वृषालीस,
तुला आणि छकुलीला अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल आलो होतो तो खरं तर तुझ्या आईला न्यायलाच. अमृतच्या हातचं पिठलं खाऊन जीव विटला आहे. जिना चढून आलो तर तू पलीकडे कानाला यंत्र लावून कामात. तुझी आई खिडकीशी बसलेली, बाळ मांडीवर. सज्जनबाईंनी तिच्या हातात चहाचा कप दिला. तिनं तो बसून, सावकाश, गरम असताना सगळा प्यायला. मी दारातच थांबलो.

पोरी, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तुझ्या आईला बसून चहा पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. गोठ्यात जाता जाता उभ्यानं दोन घोट, उरलेला गार होऊन जातो. तिचे आईबाप गेल्यापासून तिला माहेर म्हणून कुठे जाता आलं नाही, आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नाही. तू माहेरपणाला आलीस, त्यात तिलाही चार दिवस मिळाले. घरी चल म्हणायला माझं तोंड उघडेना. म्हशी छान दूध देतात असं सांगून परतीच्या गाडीत बसलो.

एक आटली आहे आणि दुसरी लाथा मारते, पण हे तिला कळू देऊ नकोस. महिनाभर तरी ती तिथेच राहू दे. आमचं चाललंय. तिनं विचारलंच, तर सांग, आबा फक्त नातीला बघायला आले होते.

तुझे
आबा